पावसातली शर्यत आणि टायरचा हिशेब

कापडाच्या व्यापाऱ्याने टायरवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने एखादा फाटलेला टायर जवळून पाहावा. रबराच्या आत जे दिसते ते कापडच असते. पूर्वी ते सुती होते, मग रेयॉनचे आले, पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टरचे. टायरकॉर्ड म्हणतात त्याला. त्याची वीण मात्र आपल्या साडी-लुंगीसारखी नसते. ताणा जाड, पिळदार आणि दाट. बाणा बारीक आणि विरळ, ताण्याचे धागे जागेवर राहावेत एवढ्यापुरताच. भार सगळा ताण्यावर. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टला मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला तेव्हाही रबराच्या नळीवर कापडच गुंडाळले होते. म्हणजे हा धंदा आपल्या धंद्याचा चुलतभाऊ आहे.

पण आज लिहायचे आहे ते कापडावरच्या रबराविषयी, आणि तेही पावसाळी शर्यतीच्या निमित्ताने. २ नोव्हेंबर २००८ च्या रात्री माझ्या भाच्याने मला बळेच टीव्हीसमोर बसवले. ब्राझीलमधली मोटारींची शर्यत चालू होती. मला त्यातले काही कळत नव्हते. पण शेवटच्या दहा मिनिटांत पाऊस आला, आणि वर्षभराचा सौदा टायरच्या एका निर्णयावर कसा फिरतो हे पाहून माझी झोप उडाली. त्यानंतर मी हा विषय समजून घेत गेलो. आपल्या वाचकांत टेंपोमालक आहेत, गॅरेजवाले आहेत, पंक्चर काढणारे आणि रिमोल्डचे काम करणारे कारागीर आहेत. त्यांना यातले बरेच आधीच ठाऊक असेल. तरी मुळापासून सांगतो.

ओल्या रस्त्यावर गाडी का घसरते? रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, पण तो बारीक खडीचा असतो. रबर दाबाखाली त्या खडीच्या फटींत शिरते आणि पकड मिळते. मध्ये पाणी आले की आधी पाणी हटवावे लागते, मग रबर खडीला लागते. प्रश्न वेळेचा आहे. मोटारीच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या आसपास लांब धरू. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. म्हणजे रबराचा एखादा तुकडा जमिनीला टेकून पुन्हा उचलला जाईपर्यंत मिळणारा अवधी सेकंदाचे सहा हजारांश भाग. तेवढ्यात पाणी बाजूला झाले पाहिजे.

आणि पाणी किती? टायर २० सेंटिमीटर रुंद आणि रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी आहे असे समजा. त्याच वेगाला गुणाकार केला तर उत्तर येते सेकंदाला १० लिटर. एक चाक दर सेकंदाला एक बालदी पाणी उपसते आहे. टायरवरच्या खाचा या कामासाठी आहेत. त्या नक्षी नाहीत, गटारे आहेत. टायर झिजतो म्हणजे रबर कमी होते असे आपण म्हणतो. खरे नुकसान गटार उथळ होण्याचे आहे. कोरड्यात झिजलेला टायर चालून जातो म्हणून मालक निश्चिंत राहतो, आणि हिशेब पहिल्या पावसात चुकता होतो.

पाणी जास्त आणि वेग जास्त झाला की खाचा कमी पडतात. टायरच्या पुढे पाण्याची पाचर तयार होते. सुरुवातीला टेकलेल्या भागाचा पुढचा थोडा हिस्सा पाण्यावर तरंगतो, मधल्या हिश्शाखाली पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि मागचा हिस्सा तेवढा रस्ता धरून असतो. वेग वाढवत गेलात की ही पाचर मागे सरकत जाते. ती शेवटपर्यंत पोहोचली की चाक पूर्ण पाण्यावर. मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, गाडीला काही कळत नाही. स्टिअरिंग एकाएकी हलके लागणे ही त्याची खूण.

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर याचे प्रयोग केले आणि त्यातून एक सोपा आडाखा निघाला. टायरमधल्या हवेच्या पौंडांचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला १६.७ ने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा ताशी वेग, किलोमीटरमध्ये. ३६ पौंड हवा असेल तर ताशी १००. २५ पौंडाला ८३. हवा १६ पौंडावर उतरली असेल तर ताशी ६७ लाच चाक तरंगायला लागते. खाचांना उपसता येणार नाही इतके पाणी रस्त्यावर असेल तेव्हाचा हा हिशेब आहे, आणि तो अंदाजाचा आहे. पण त्यातून एक गोष्ट पक्की निघते. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की टायर रस्ता जास्त धरतो असे अनेक ड्रायव्हर सांगतात. चिखलात आणि वाळूत ते ठीक आहे. डांबरी रस्त्यावर साचलेल्या पाण्यात ते उलटे आहे. कमी हवेचा टायर मध्यभागी दबतो, खाचा मिटतात आणि पाणी कापण्याऐवजी तो पाण्यावर चढतो.

आता शर्यतीकडे येऊ. फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीला तीन जातीचे टायर असतात. कोरड्या ट्रॅकचा टायर पूर्ण गुळगुळीत असतो. खाच नाही म्हणजे सगळे रबर जमिनीला लागते, म्हणून कोरड्यात त्याच्यासारखी पकड दुसऱ्याची नाही. दुसरा मधला टायर, उथळ खाचांचा. ट्रॅक ओला आहे पण पाणी साचलेले नाही अशा वेळेचा. तिसरा भर पावसाचा, खोल खाचांचा. पिरेली कंपनीने आपल्या टायरचे दिलेले आकडे असे आहेत: ताशी ३०० किलोमीटर वेगाला मधला टायर सेकंदाला ३० लिटर पाणी उपसतो, भर पावसाचा ८५ लिटर. ओळखायला मधल्यावर हिरवा पट्टा आणि पावसाच्यावर निळा.

खाच दिसली म्हणजे पावसाचा टायर, असे मात्र समजू नये. १९९८ ते २००८ या काळात फॉर्म्युला वनच्या कोरड्या टायरवरही नियमाने सरळ खाचा पाडलेल्या असत. त्या पाण्यासाठी नव्हत्या. रबर कमी टेकावे आणि वळणावरचा वेग घटावा म्हणून होत्या. गिऱ्हाइकाला माल नुसता वरून दाखवला की फसगत होते, त्यातला प्रकार.

भर पावसाचा टायर इतका चांगला आहे तर तोच कायम का लावत नाहीत? कारण उष्णता. शर्यतीचे रबर ठरावीक गरमीला मऊ आणि चिकट होते. गुळगुळीत टायरला ती गरमी १०० अंशांच्या आसपास लागते. ओल्या ट्रॅकवर पाणी त्याला थंड करते, रबर लाकडासारखे होते, आणि उपसायला खाचाही नाहीत. दोन्हीकडून मार. उलट पावसाच्या टायरचे रबर मुद्दाम थंडीत मऊ राहील असे बनवलेले असते. ट्रॅक वाळू लागला की तेच रबर तापून जाते; खाचांमधले उंच तुकडे लवचतात, घासतात, फाटतात. म्हणून ट्रॅक वाळताना अनुभवी चालक सरळ रस्त्यावर मुद्दाम डबक्यांमधून गाडी नेतात. पाहणाऱ्याला वाटते याचे लक्ष नाही. तो टायरला पाणी पाजत असतो.

१९७६ च्या २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजी येथे हेच घडले. मुसळधार पावसात शर्यत सुरू झाली. त्याच वर्षी १ ऑगस्टला जर्मनीत गाडी पेटून मरणाच्या दारातून परत आलेल्या निकी लाउडाने दोन फेऱ्यांनंतर गाडी थांबवली आणि तो उतरला. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट पुढे होता. पण ट्रॅक वाळत गेला, त्याचे पावसाचे टायर झिजत गेले आणि शेवटी शेवटी एक टायर बसला. टायर बदलून तो कसाबसा तिसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता ठरला. शर्यत जिंकली ती टायर जपून चालवणाऱ्या मारिओ आंद्रेत्तीने. लाउडाला तेव्हा भित्रा म्हणणारे निघाले होते. माझ्या मते त्या दिवशी सर्वांत सरळ हिशेब त्याचा होता. जिवाची किंमत त्याने नुकतीच मोजून पाहिली होती.

आता ब्राझीलचा तो ट्रॅक. साओ पावलो शहरात, दोन जलाशयांच्या मधोमध असल्यामुळे त्याचे नाव इंटरलागोस. एक फेरी ४.३०९ किलोमीटरची. जमीन चढउताराची, त्यामुळे वरचे पाणी वाहत खाली ट्रॅकवर येते. आभाळाचा भरवसा नाही. या एकाच ट्रॅकवर दोन वर्षी दोन वेगळे धडे मिळाले, आणि दोन्ही व्यापाऱ्याला कळतील असे आहेत.

पहिला ६ एप्रिल २००३ चा. त्या वर्षी नियम असा होता की शर्यतीला पावसाचा एकाच जातीचा टायर आणता येईल. तेव्हा टायर पुरवणाऱ्या कंपन्या दोन, ब्रिजस्टोन आणि मिशेलिन. दोघांनीही मधल्या जातीचा टायर आणला. हिशेब समजण्यासारखा आहे. एकच जात ठेवायची तर जी जास्त वेळा खपते ती ठेवावी. आपणही तेच करतो. पण त्या दिवशी पाऊस भरपूर आला. सुरुवात उशिरा झाली, तीही पुढे सुरक्षा गाडी ठेवून हळूहळू. तिसऱ्या वळणावर ट्रॅकवरून पाण्याचा ओहोळ आडवा वाहत होता. तिथे एकामागून एक गाड्या तरंगल्या आणि कडेच्या भिंतीकडे गेल्या. मोंतोया गेला, पित्सोनिया गेला, पावसातला राजा समजला जाणारा मायकेल शूमाखरही गेला. आधीच्या गाड्या उचलायला आलेल्या ट्रॅक्टरला धडकता धडकता तो वाचला. मग फर्स्टापेन, मग बटन. यातले कोणी नवशिके नव्हते. पण ज्या टायरला ३० लिटरची ताकद आहे त्याच्यापुढे ५० लिटर पाणी टाकले तर चालकाचे हुनर काय करील? शेवटी आणखी दोन मोठे अपघात झाले आणि शर्यत थांबवावी लागली. विजेता कोण याचाही गोंधळ झाला. आधी रायकोनेनला विजेता ठरवले, मग फेऱ्यांची फेरमोजणी होऊन विजय फिसिकेलाचा निघाला. त्याला चषक मिळाला तो दोन आठवड्यांनी, इटलीत.

दुसरा धडा २००८ चा, मी पाहिला तो. तोपर्यंत पावसाच्या टायरच्या दोन जाती आल्या होत्या. माल होता, प्रश्न होता कधी उघडायचा.

वर्षाची ती शेवटची शर्यत. लुईस हॅमिल्टनचे ९४ गुण, फेलिपे मासाचे ८७. पहिल्याला १० गुण, पाचव्याला ४, सहाव्याला ३. मासा त्याच गावचा. तो जिंकला तर त्याचे ९७ होणार. हॅमिल्टन पाचवा आला तर ९८, जगज्जेता. सहावा आला तर ९७, बरोबरी. आणि बरोबरीत जास्त शर्यती जिंकलेला मासा जगज्जेता.

७१ फेऱ्यांची शर्यत. पाच-सहा फेऱ्या उरल्या असताना पाऊस सुरू झाला. पुढचे बहुतेक सगळे टायर बदलायला आत आले. टोयोटाचा टिमो ग्लॉक आला नाही. तो पाऊस येण्याआधी सातवा होता. कोरड्या टायरवर तसाच राहिला आणि बाकीचे आत गेल्यामुळे चौथा झाला.

त्याचा हिशेब काय असेल? टायर बदलायला आत जाऊन येण्यात वीस-पंचवीस सेकंद जातात. समजा चुकीच्या टायरवर एका फेरीला ३ सेकंद तोटा आहे आणि फेऱ्या ५ उरल्या आहेत. तोटा १५ सेकंद. बाहेर राहणे फायद्याचे. पण पाऊस वाढला आणि तोटा फेरीला १० सेकंदांवर गेला, तर अडीच फेऱ्यांत सगळा नफा संपला. म्हणजे आज ट्रॅक किती ओला आहे याला अर्थ नाही. पुढच्या पाच मिनिटांत तो किती ओला होईल, यावर सौदा आहे. ईदच्या महिनाभर आधी माल भरणाऱ्याला हे सांगायला नको.

दोन-तीन फेऱ्या उरल्या असताना वेटेलने हॅमिल्टनला मागे टाकले. हॅमिल्टन सहावा झाला. तिकडे मासाने शर्यत जिंकली, त्याच्या घरचे लोक नाचू लागले. त्याच वेळी शेवटच्या वळणांकडे ग्लॉकची गाडी अक्षरशः रांगत होती. पाऊस जोरात आला होता, टायर थंड पडले होते, पकड संपली होती. वेटेल त्याच्यापुढे गेला, आणि मागोमाग, चढाच्या आधीच्या जुंसाव नावाच्या वळणावर, हॅमिल्टनही. मासानंतर सुमारे ३९ सेकंदांनी हॅमिल्टनने पाचवा म्हणून रेघ ओलांडली. ९८ विरुद्ध ९७. मासाचा आनंद तेवढाच टिकला.

नंतर ग्लॉकवर लोकांनी नाही नाही ते आरोप केले, त्याने मुद्दाम वाट दिली म्हणाले. मला ते पटत नाही. सातवा होता, सहावा आला. जुगार त्याच्या पुरता नफ्यातच गेला. त्याची खिल्ली उडवणाऱ्यांनी एवढे तरी पाहायला हवे होते की कोरड्या टायरवर त्या पाण्यात गाडी भिंतीत न घालता त्याने रेघेपर्यंत आणली.

हाच जुगार दुसऱ्याला महाग पडला तो २६ सप्टेंबर २०२१ ला, रशियात सोची येथे. तरुण लँडो नॉरिस पहिला होता, आयुष्यातला पहिला विजय समोर दिसत होता. शेवटी पाऊस आला. हॅमिल्टन संघाचे ऐकून आत गेला, मधले टायर लावून आला आणि जिंकला. त्याचा तो १०० वा विजय. नॉरिस कोरड्या टायरवर राहिला, घसरून ट्रॅकबाहेर गेला आणि सातवा आला. पहिल्या विजयासाठी त्याला मे २०२४ पर्यंत थांबावे लागले.

टायर ठीक असला तरी चालवण्याची रीत ओल्यात बदलते. कोरड्यात सगळ्या गाड्या ज्या एका वाटेने वळण घेतात, तिथे रबराचा थर बसलेला असतो. पाणी पडले की ती वाट साबणासारखी होते. म्हणून पावसात जाणते चालक तिच्या बाहेरून, खडबडीत डांबर शोधत वळतात. १९९३ च्या ११ एप्रिलला इंग्लंडमध्ये डोनिंग्टन येथे आयर्टन सेना सुरुवातीला पाचवा पडला होता. पहिली फेरी संपेपर्यंत तो सर्वांत पुढे होता, इतरांना सुचल्या नाहीत त्या वाटांनी जाऊन. रंगवलेल्या पट्ट्यांवर आणि कडेच्या रंगीत उंचवट्यांवर चाक घालत नाहीत. रंगावर खडी झाकलेली असते. ब्रेक लवकर आणि हलका, वळणात चाक फिरवणे हळू, बाहेर पडताना वरचा गिअर, म्हणजे मागची चाके जागच्या जागी फिरत नाहीत. गाडी तरंगलीच तर पाय हळूच उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि चाकाला जमीन लागेपर्यंत वाट पाहायची. घाबरून जोरात वळवले तर चाक जमिनीला टेकताच गाडी त्या दिशेला झेप घेते. हे शेवटचे वाक्य घाटात रोज जाणाऱ्यांनी पुन्हा वाचावे.

कारण आमचेही झाले आहे. सन १९९७ च्या जुलैत माझ्या मालाचा टेंपो कसारा घाटात गोल फिरून कठड्याला लागला. ड्रायव्हर वाचला, अल्लाहची मेहेरबानी. तागे भिजले. मागचे टायर मीच पाहिले होते आणि आणखी एक हंगाम निघेल म्हणालो होतो. टेंपो परतताना रिकामाही झाला असता तर आणखी वाईट, कारण रिकाम्या गाडीचे चाक जमिनीवर दाबून धरायला वजन नसते. भरलेल्यापेक्षा ती लवकर घसरते.

टायरच्या मुख्य खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. मोटारीच्या टायरवर त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. वरचे रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आले की टायर बदलायचा. पावसाळ्याआधी मी आता २ मिलिमीटरलाच बदलतो. हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. चालून गरम झालेल्या टायरचा काटा काही पौंड जास्त दाखवतो आणि कमी हवा लपून जाते. जोडचाके असतील तर आतल्या चाकाची हवाही वेगळी मोजावी. तिथे हात पोहोचत नाही म्हणून पोरगा फक्त बाहेरचे मोजतो आणि दोन्हींचे सांगतो.